बंदी नाही, एवढं लिहून द्या

जगाच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात तिला घोरपड म्हणायचे. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. साथीच्या काळात कोणत्या देशाने कुठल्या मालाची निर्यात थांबवली, कुठे आयातकर उतरवला, हे गोळा करायचं, त्या त्या सरकारला विचारून पक्कं करायचं आणि सगळ्या जगाला दिसेल असं जाहीर करायचं, हे तिचं काम. सरकारं ताकास तूर लागू देत नसत. ही एकदा चिकटली की उत्तर घेऊनच सुटायची.

साथीपासून हा सगळा कारभार स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला होता. एका बाजूला चिरलेली भाजी, दुसऱ्या बाजूला अर्ध्या जगाचा व्यापार.

धाकटा भाऊ गोदीत निर्यातीचा माल तपासायचा. आईच्या माघारी तिनेच वाढवलेला. लग्नाचं वय झालं तरी डबा ताईच्याच हातचा. गोदीतून साथ घरात यायला नको म्हणून हल्ली तो पुढच्या खोलीत वेगळा राहायचा आणि दाराआडून बोलायचा. एका संध्याकाळी ताट सरकवताना तिने विचारलं, "रोज जेवण का उरतंय रे?"

"ताई, हातमोज्यांचे कंटेनर अडवलेत मी. डॉक्टर, नर्स वापरतात ते. बाहेरच्या देशांतल्या इस्पितळांनी मागवलेत. वरून सांगितलंय, सोडायचे नाहीत."

"हुकूम कुठाय?"

"तोंडीच."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या ओरड झाली की वरचे हात झटकून मोकळे होणार आणि खापर याच्या डोक्यावर फुटणार, हे न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. आणि तिकडे कुणी नर्स एकच जोडी धुऊन धुऊन वापरत असेल, तेही डोळ्यांसमोरून हलेना.

पण भावाचं नाव घेता येत नव्हतं. कानावर आलेलं छापायचं नाही, हा कामाचा नियम. विचारायला मात्र कुणाची मनाई नव्हती. तिने आपल्याच देशाच्या मंत्रालयाला विचारलं: हातमोज्यांच्या निर्यातीवर बंदी आहे का?

उत्तर आलं नाही. तिचे साहेब भला माणूस, पण भित्रा. म्हणाले, "अहो, नसती उठाठेव कशाला? 'उत्तर आलं नाही' असं टाका आणि पुढच्या देशाकडे वळा. सगळे तेच करतात."

"टाकीन की. त्यांनी फोन उचलायचं बंद केलं, की टाकते."

मंत्रालयातल्या बिचाऱ्यांनी फोन उचलायचं बंद केलं नाही, तिथेच चुकले. रोज सकाळी तोच अधिकारी आणि तीच उडवाउडवी. शेवटी तो वैतागला. "बाई, किती वेळा सांगू? असा हुकूमच निघालेला नाही."

"बरं झालं. मग बंदी नाही, एवढं लिहून द्या."

आता आली का पंचाईत? आहे म्हणावं तर जगासमोर नाचक्की. नाही म्हणायला काय जातंय, असा विचार त्याने केला असावा. दुपारी लेखी उत्तर आलं: हातमोज्यांच्या निर्यातीवर कोणतेही निर्बंध नाहीत.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. तिलाही आधी आनंदच झाला, आणि मग लक्षात आलं. सरकारची बंदी नाही, म्हणजे माल अडवून बसलेला माणूस एकच उरला, तिचा भाऊ. हे जाहीर झालं की माल पाठवणारे तेच वाक्य घेऊन त्याच्यासमोर उभे राहणार. माल सोडला तर वरचे त्याला सुखाने जगू देणार नाहीत, नाही सोडला तर गुन्हेगार तोच.

उत्तर दडपणं सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं. ती थोडा वेळ रडली. मग तोंडावर पाणी मारलं आणि ते वाक्य जसंच्या तसं जाहीर केलं.

तासाभराने गोदीत भावाच्या मोबाइलवर फोन लावला.

"वाचलं," तो म्हणाला. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. "इथे सगळे तेच दाखवतायत. छापायच्या आधी मला सांगायचंस तरी, ताई."

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास. आणि मी तुझं ऐकलं असतं."

पलीकडे एक घंटी वाजू लागली.

"टेबलावरचा फोन वाजतोय," तो म्हणाला. "वरूनच असणार."

"मग?"

"वाजू दे. आधी गेट उघडतो."