तिसऱ्या खोलीतलं अस्वल

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं... अजूनही येतं. त्यामुळे हे लिहावं की नाही, यातच बरीच वर्षं गेली.

२००५-०६ च्या सुमारास मी पुण्याहून चेन्नईला गेलो, शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. एका शनिवारी एचआरने आम्हा दहाजणांना शहराबाहेरच्या एका प्राणिसंग्रहालयात व्हॉलंटियर म्हणून धाडलं. टी-शर्ट, टोप्या, फोटो — सगळा थाट! माझ्या वाट्याला अस्वलं आली, आणि ती सांभाळणारे रामोजीराव. घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची. इतक्या दूर मराठी ऐकून मी हरखलोच.

अस्वलं तीन. सकाळी आतल्या तीन खोल्यांत नाचणीची कांजी ठेवायची, ती खायला अस्वलं आत शिरली की बाहेरून साखळी सोडून वर ओढलेली दारं खाली पाडायची, मोजायचं, आणि मगच मोकळ्या आवारात झाडायला जायचं. मोजणी दोघांनी करायची असा नियम होता. त्या दिवशी त्यांचा जोडीदार रजेवर होता.

"अस्के आंत आले का, पाहून सांगा सार," साखळी धरून ते म्हणाले. अस्के म्हणजे सगळे.

मी गजांतून पाहिलं. एक... दोन... आणि शेवटच्या खोलीत तिसरं. पाठमोरं बसून कांजी चाटत होतं. ताटलीचा आवाज आला, अंगाचा उग्र वाससुद्धा.

"तिन्ही आहेत!" मी ओरडलो.

दारं पडली. रामोजीराव झाडू घेऊन आवारात गेले, आणि झुडपामागून अस्वल आलं.

पुढचं लिहवत नाही. माणसं काठ्या घेऊन धावली, तोवर व्हायचं ते झालं होतं. मी त्या शेवटच्या खोलीशी गेलो. दार पडलेलं, आत कोणी नाही. ताटली मात्र चाटूनपुसून लख्ख! उंदीर असतील, कावळे असतील... स्वतःला खूप समजावलं.

चार दिवसांनी इस्पितळात रामोजीरावांचे पाय धरले. म्हटलं, "माझ्यामुळे झालं. मी चुकीचं मोजलं."

तोंडभर पट्ट्या होत्या. हळूच बोलले, "चुकलं नाहीं सार. तुम्ही सांगितल्यावर मीही वाकून पाहिलों... तीन होते."

दोन दिवसांनी ते गेले. मोजणी आपण एकट्यानेच केली, असा जबाब त्यांनी आधीच देऊन ठेवला होता. माझं नाव कुठेच नव्हतं.

त्यांनी खरंच पाहिलं, की माझ्या जिवाला घोर नको म्हणून तसं म्हणाले? मग मी काय पाहिलं? आजही मला सांगता येत नाही.

तेराव्याला मैलापूरला त्यांच्या घरी गेलो होतो. पानात भात वाढताना त्यांच्या बायकोने विचारलं, "शेवटीं तुमच्यापाशीं कांही बोलले का?"

मी नाही म्हणालो. आणि जेवलो.