माईंचा टायफॉइड

आमच्या भांडुपच्या इमारतीत माईंइतकं ठाम खोटं कोणालाच बोलता येत नसे. गेल्या वर्षी त्या गेल्या. घरातलं दूध संपलं की त्या पाहुण्यालाच पित्त जडवत. "तुमका पित्त मा? कोकम सरबतच घ्या." पाहुणाही बिचारा छातीवर हात फिरवत ते पिऊन जाई. "खोटा एकदाच बोलायचा, मगे जन्मभर ताच," हा त्यांचा नियम.

त्यांचं सगळ्यात जुनं खोटं म्हणजे टायफॉइड. त्यांची लेक शमा माझी मैत्रीण. तिचे केस लहानपणापासून पातळ. कोणी विचारलं की माई सांगत, "चार वर्साचा असताना टायफॉइड झालेलो." शमाही शाळेत, सासरी, डॉक्टरांना तेच सांगे. तिला तेवढंच ठाऊक होतं.

चाळिशी उलटल्यावर शमाचं डोकं दुखायला लागलं. चष्मा बदलून झाला, गोळ्या झाल्या, माईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. मग तिचा डावा हात बधिर होऊ लागला, तेव्हा मी दोघींना मुलुंडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"लहानपणी काही मोठं आजारपण?"

"टायफॉइड," शमा म्हणाली.

माईंनी पिशवीचे बंद मुठीत आवळले. "न्हय ओ. रगताचो कॅन्सर. डोक्याक शेक दिलेलो. कळला असता तर हिच्याशी लगीन कोण करतलो होतो?"

शमाने आपल्या पातळ केसांवरून हात फिरवला. मला माईंचा भयंकर राग आला, आणि लगेच दयाही आली. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. असा शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्यांना पुष्कळ वर्षांनी गाठ येऊ शकते. सगळ्यांनाच येते असं नाही, पण लक्ष ठेवावं लागतं." त्याच आठवड्यात एमआरआय केला. मेंदूच्या आवरणावर गाठ होती.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, कॅन्सरची नव्हे. ते ऐकून शमाचा नवरा भर व्हरांड्यात सासूच्या पाया पडला. त्याला दुसरं काय करावं ते सुचेना. मी तर चक्क रडले.

"आई, अजून काय काय लपवलंयस गं?" शमाने खाटेवरून विचारलं.

"तुझ्या बापाशीचा खरा वय," माई म्हणाल्या.

तिला माईंच्या घरी आणलं त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी शमाचं तुळतुळीत डोकं पाहिलं. "अगं बाई, केस कुठे गेले?"

"टाय..." माई थांबल्या. मग म्हणाल्या, "डोक्यात गाठ होती, काढली. लहानपणी कॅन्सर झालेलो, त्या शेकान इली. आता वर्सान वर्साक तपासूचा लागतला." आणि जरा दम घेऊन, "वर चल. दूध संपलाहा, कोकम देतंय."

माईंच्या हातचं कोकम पित्ताशिवाय पिणाऱ्या त्या वहिनी पहिल्याच.