घेवड्यासाठी लढाई

लढाईचं डोकं असलेलं माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिलं, आणि ते नऊवारी नेसून खाली पांढरे बूट घालायचं. आमची कारभारीण. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरच्या जाळल्या. सप्टेंबरातली दुपार, मुलाच्या घरामागचा लाकडी डेक, त्याची बार्बेक्यूची शेगडी आणि निखाऱ्यावर मूठमूठ लाल मिरची. ही वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्चीत बसून पदराचं टोक हवेत धरून वारा बघत होती, आणि मी शेगडीपाशी. "आता टाका. थांबा. हं, आता!" असे हुकूम चाललेले. धूर जायचा झाडीतल्या हरणांकडं, तो वळला आणि माझ्याच तोंडावर आला. मी खोकून बेजार, तर ही म्हणते, "अहो, पहिला किल्ला तुमचाच पडला की!" आणि दम लागेपर्यंत हसली. एवढंच. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काही केलं नाही.

डॉक्टर म्हणाला, धुराचा काही संबंध नाही, हृदय आधीच थकलेलं होतं. मी त्याला तीनदा विचारलं. तीनदा त्यानं तेच सांगितलं. तरी अजून विचारावंसं वाटतं.

तर लढाई कशाची, ते सांगतो. मुलगा अमेरिकेत, ईडन प्रेरी नावाच्या गावात कॉम्प्युटरच्या कामाला. त्यानं आम्हाला बोलावून घेतलं. घरामागं हिरवळ, हिरवळीच्या पुढं तळं, दिसायला चित्रासारखं. हिनं पहिल्याच आठवड्यात त्या चित्राचा एक कोपरा खणून काढला आणि घेवडा लावला. कारण एकच. मुलगा सोळाव्या वर्षी शिकायला घराबाहेर पडला, तेव्हापासून खानावळ, होस्टेल आणि मग हा देश. "माझ्या हातनं पिकवलेलं त्याच्या पोटात जाऊन किती वर्षं झाली, तुम्हीच मोजा," असं म्हणायची. "एकदा, एकदाच त्याच्या ताटात घालीन, मग गेले तरी चालेल." मी म्हणायचो, भाजी दुकानात मिळते. त्यावर ती माझ्याकडं असं बघायची की मीच दुकानात मिळालोय.

कोंब वर आले आणि तळ्यातली बदकं चालत आली. साधी बदकं नव्हेत. काळ्या मानेची, कोंबड्याला लाजवतील अशी मोठाली. मुलगा त्यांना गीज म्हणतो. तासाभरात वाफा साफ. दुसऱ्यांदा लावलं तर उरलेलं सशांनी आणि हरणांनी वाटून घेतलं. कुंपण घालावं तर कॉलनीच्या असोसिएशनला चालत नाही. दगड मारावा तर गीजला कायद्याचं संरक्षण. म्हणजे शत्रूला सगळे हक्क आणि आम्हाला एकही हत्यार नाही. दुसरी बाई असती तर कुंडीत तुळस लावून गप्प बसली असती. ही टीव्हीसमोर जाऊन बसली.

दुपारी एका चॅनलवर हजारो वर्षांपूर्वीच्या लढाया दाखवायचे. हिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण लढाईला भाषा कशाला लागते, असं तिचं म्हणणं. डुकरांना तेल लावून पेटवायचे आणि हत्तींवर सोडायचे. त्यांच्या किंकाळ्यांनी हत्ती मागं फिरून आपलीच फौज तुडवायचे. ही हळहळली, "बिचारी डुकरं," आणि लगेच, "पण डोकं बघा मेल्यांचं!" एकदा एका गलबतानं दुसऱ्यावर सापांनी भरलेली मडकी फेकली. हिनं विचारलं, "इथं साप मिळतील का हो?" मी चेष्टेनं म्हटलं, साप मिळतील, पण मडकं कुठनं आणणार? तर दोन दिवस बाई मडकं शोधत होती.

मग गवताचे शिपाई झाले. टीव्हीत तसले शिपाई तटावर उभे करून शत्रूचे बाण फुकट घालवले होते. मुलगा ऑफिसातनं आला तर त्याचे चार शर्ट बागेत हात पसरून उभे. "आई, अगं हा माझा इंटरव्ह्यूचा शर्ट आहे! कसला वॉर चाललाय तुझा?" ही शांतपणे म्हणाली, "मग उभा राहू दे की इंटरव्ह्यूला. तू तरी कुठं घालतोस?" तिसऱ्या दिवशी गीज त्या इंटरव्ह्यूवाल्याच्या सावलीत बसलेली.

एके दिवशी गोफण चालवणारी फौज दाखवली. हिचा आनंद काय सांगू! पोरवयात ही जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकायची. "बघा, आमचीच माणसं!" म्हणाली आणि मुलाच्या बुटांच्या नाड्यांची गोफण विणली. दगड नको, पोलीस येतील, म्हणून कणकेचे गोळे. नेम मात्र अजून पक्का होता. प्रत्येक गोळा बदकाच्या पुढ्यात पडायचा. बदकांनी तो खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे घेऊन आली. सूनबाई हसून हसून स्वयंपाकघरात खाली बसली. "आई, हे वॉर नाही, हे केटरिंग आहे!"

दुसऱ्या उन्हाळ्यात तिला पाच पावलांवर धाप लागायला लागली. डॉक्टरनं खुर्ची सोडायची नाही म्हणून सांगितलं. तिनं खुर्चीच वाफ्यावर नेली. त्याच सुमारास टीव्हीवर एक जुना किल्ला दाखवला. शत्रू कडा चढून वर येतोय, पहारेकरी घोरतायत, कुत्री झोपलेली, आणि अचानक बदकांनी कालवा करून सगळ्यांना उठवलं. किल्ला वाचला. हिनं खिडकीतनं तळ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "अहो, आपलं चुकलं. ही चोर नाहीत, पहारेकरी आहेत. पहारेकऱ्याला उपाशी ठेवलं तर तो लुटणारच." आणि तिनं तह केला. तळ्याच्या बाजूला एक पट्टा नुसत्या मेथीचा, तो त्यांचा. घेवडा मागं, तो आपला. खोटं सांगत नाही, बदकं मेथीच्या पुढं आली नाहीत, आणि ससा दिसला की फिसकारून अंगावर जायची. राहिली हरणं. त्यांच्यासाठी मिरची.

घेवडा उशिरा लावलेला, सप्टेंबराच्या शेवटाला शेंगांनी वाकला. "उद्या सकाळी तोडू," असं ती मिरच्या जाळल्यावर म्हणाली आणि आत जाऊन आडवी झाली. मी चहा घेऊन गेलो तर तिला बोलता येईना. अँब्युलन्स आली. दिवेलागणीला हॉस्पिटलात सगळं संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा फोनवर फ्युनरल होमवाल्यांशी अंत्यविधीचं ठरवत होता. टीव्हीवरचा हवामानवाला सांगत होता की आज रात्री फ्रॉस्ट पडणार, म्हणजे उभं पीक काळं पडणार. मी टोपलं घेतलं आणि वाफ्यात गेलो. एकेक शेंग तोडली. धाटांना धक्का लागू दिला नाही, उगीचच. घरात येऊन निवडायला बसलो, तेव्हा सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, आज घरात चूल पेटवत नाहीत ना? दुपारी मंडळातल्या बायका पिठलंभात आणतायत."

मी म्हटलं, "मला रीत ठाऊक आहे. सरक."

आयुष्यात कधी फोडणी केली नव्हती. मोहरी जळाली, शेंगा एकीकडनं करपल्या, मीठ अंदाजानं घातलं. मुलाला फोन ठेवायला लावला आणि त्याच्या ताटात वाढलं.  त्यानं मान खाली घालून सगळं खाल्लं, मग ताट पुढं केलं. मी आणखी वाढलं.