नकाशावरचा अंगठा
शिक्क्याच्या शाईचा वास आला की नगरपालिकेतली ती उन्हाळ्याची दुपार आठवते. शहराच्या नव्या आराखड्याचा नकाशा भिंतीवर टांगला होता आणि कापसाच्या जिनिंगमागच्या आमच्या वस्तीवर नुसता हिरवा रंग होता, म्हणजे बाग. हरकत नोंदवायला आम्ही बाया रांगेत उभ्या होतो. आईनं अंगठ्याला शाई लावली आणि अर्ज सोडून थेट नकाशावर, आमच्या घराच्या जागी, अंगठा दाबला. कारकून ओरडला, "बाई, हरकत कागदावर द्या!" आई म्हणाली, "हा बी कागदच हाय. तुमच्या नकाशात आमी दिसून नाही राह्यलो, म्हणून दाखवून देल्लं." मग मागच्या साऱ्याजणींनी तेच केलं आणि हिरवी बाग पार जांभळी झाली. मला झकास सही येते, पण नगरपालिकेच्या अर्जावर मी आजही अंगठाच लावते.