कोरड्या हौदातला दिवा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घर बांधताना आधी हौद खणतात. आमच्याकडे दोन आहेत. एक वापरातला, दुसरा मागच्या अंगणातला जुना. त्याच्या तळाला तडा गेलाय, त्यामुळे तो कायमचा कोरडा. पुरुषभर खोल, भिंतीतून काढलेल्या दगडी पायऱ्या, वर लोखंडी झाकण. झाकण जरा सरकवून ठेवायची सवय होती, कारण अंगणातली मांजरी उन्हाळ्याच्या दुपारी तिथे गारव्याला जाऊन झोपायची.

त्या वर्षी मी घरी बिअर करायचं ठरवलं. तयार अर्क पाण्यात मिसळून नव्हे, सरळ धान्यापासून. गहू आंबवून कुरडया घालणाऱ्या बाईला त्यात अवघड काय, असा माझा हिशेब होता. मोड आणून वाळवलेले जव, कडवटपणासाठी हॉप्स नावाची वाळकी फुलं आणि गरमी सोसणारं यीस्ट मागवलं. लागणाऱ्या वस्तूंची यादी केली, कामांची वेगळी केली.

जव भरडायला गिरणीत नेले.

"पीठ न्हाय? नुसतं जाडंभरडं?" गिरणीवाल्याने विचारलं.

"कोंडा अख्खा राहिला पाहिजे."

"म्हशीला व्हय, वैनी?"

"घरच्यांना," मी म्हणाले. त्याने गिरणी सुरू केली.

चिंचोळी एमआयडीसीत देखभाल खात्यात असलेला माझा नवरा सुट्टी म्हणून घरी होता. भरड गरम पाण्यात घालून ऊब टिकावी म्हणून, थंड पाणी विकतात तसल्या जाड जारमध्ये तासभर मुरवली, तेवढा वेळ तो मोडा घेऊन शेजारी बसून होता. घरभर गूळ आणि भाजक्या भाकरीच्या मधला काहीतरी वास सुटला. सोलापुरी पंच्यातून मी ते गोड पाणी गाळलं, फुलं टाकून उकळलं, निववलं आणि झाकणाच्या बादलीत भरून यीस्ट सोडलं.

"पोलीस आले तर आंबील आहे म्हणून सांग," तो म्हणाला.

"तुम्हीच सांगा. पिणार तुम्ही."

यादीत पुढचं होतं ते जागेचं. गार, अंधारी, कुणी हलवणार नाही अशी. बाहेर ऊन एवढं की दोरीवरचे कपडे वाळून कडक होत होते. कोरडा हौद तिन्ही अटींत बसला. आम्ही दोघांनी बादली खाली उतरवली. वायू बाहेर पडावा म्हणून तिच्या झाकणातून काढलेली नळी पाण्याच्या बाटलीत बुडवली आणि वर आलो.

दुसऱ्या दिवशी हौद बोलायला लागला.

गुडुक. मग थोडं थांबून पुन्हा गुडुक. नळीतून बुडबुडे निघत होते, एवढंच. पण पोकळ हौदात तो आवाज मोठा व्हायचा आणि अंगणाच्या फरशीखालून यायचा. भांडी घासताना तो माझ्या तळपायांना कळायचा. संध्याकाळपर्यंत दोन आवाजांमधली जागा संपली. जमिनीखाली कुणीतरी घाईघाईने पाणी पितंय, असं वाटायचं. शेजारीण तिच्या अंगणातले कपडे काढायला आली आणि म्हणाली, "तुमच्या अंगणात कोण गुळण्या करतंय?" मी हसले, पण त्यानंतर हौदाला वळसा घालून जायला लागले.

मांजरीचं दूध वाटीत तसंच राहिलं होतं. ते नासलं, तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं. त्याने भर दुपारी झाकण पूर्ण बाजूला केलं. उन्हाचा चौकोन तळाला पडला. बादलीला पाठ लावून मांजरी झोपली होती.

"बघ, पहारा देतेय," तो म्हणाला.

मी हाक मारली. दुधात बुडवलेला भाकरीचा तुकडा तिच्या तोंडाजवळ टाकला. मांजर झोपेतही एक कान जागा ठेवतं. तो कान हलला नाही.

"उचलून आणतो की," म्हणत त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

माझं माहेर करमाळ्याकडचं. तिथे आमचं पेव होतं, ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं. पेव उघडलं की कुणी लगेच उतरत नसे. आधी दोरीला दिवा बांधून खाली सोडायचे. लहानपणी मला वाटायचं, तो आत राहणाऱ्या कुणालातरी दाखवतात.

"थांबा. उतरू नका."

देवघरातली पणती आणली, लहान डब्यात ठेवून दोरीने खाली सोडली.

"आता हौदाची आरती का?"

ज्योत सरळ होती, वारा अजिबात नव्हता. आत उतरलेल्या माणसाची कमर येईल तेवढ्या उंचीवर ती जरा लांब झाली आणि विझली. फडफडली नाही. कुणीतरी खालून, ओठ न हलवता, फुंकर घालावी तशी. वर ओढून पुन्हा पेटवली. पुन्हा तिथेच विझली. वातीचा धूर मात्र वर आला नाही. तो आडवा पसरला आणि तरंगत राहिला, कोरड्या हौदात कमरेएवढं पाणी असावं आणि त्यावर तरंगावं तसा. त्याच्या खाली मांजरी निवांत दिसत होती. बादली गुडगुडत होती.

"पाय बाहेर काढा," मी म्हणाले.

"अगं, पण ती..."

"ती गेली आहे. वाकलात तर तुमचं तोंड त्या धुराखाली जाईल. पाय बाहेर."

त्याने पाय काढला. मग बराच वेळ आम्ही दोघं फरशीवर बसून राहिलो, आणि त्याने माझ्या हातातली दोरी धरून ठेवली.

आंबताना निघणारा वायू हवेपेक्षा जड असतो, हे मी वाचलं होतं. तो खड्ड्यात साचतो आणि तिथे ना दिवा टिकतो ना जीव, ते आमच्या पेवाला माहीत होतं. घरातला पंखा हौदाच्या तोंडाशी लावून दुसऱ्या दिवसापर्यंत आत वारा खेळवला. दिवा तळाला टेकेपर्यंत जळत राहिला, तेव्हाच नवरा कमरेला दोर बांधून उतरला. मांजरीला शेवग्याखाली पुरलं. बादली मागच्या पडवीत पाण्याच्या घमेल्यात ठेवली, ओला पंचा गुंडाळून, जिथे ती पहिल्यापासून ठेवता आली असती.

बिअर चांगली झाली. थोडी गढूळ, पण चांगली. पहिला ग्लास घेऊन नवरा दुपारी पंख्याखाली आडवा झाला. घर गप्प होतं. फरशीखालूनही काही ऐकू येत नव्हतं. तो फार स्थिर झोपला होता. मी जाऊन त्याच्या नाकासमोर तळहात धरला.

तो डोळे न उघडता म्हणाला, "दिवा विझलेला नाही."

तरी मी हात लगेच काढला नाही.