दोन सूत जास्त

माझ्या मामाला अख्खी गल्ली गुण्या म्हणते. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार, लाकडी मूठ आणि तिला आडवी बसवलेली लोखंडी पट्टी. मामाच्या मागच्या खिशात तो कायम असतो. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी बोलता बोलता टेबलाच्या कोपऱ्याला लावून बघतो आणि तोंड वाकडं करतो. मामीच्या माहेरी पहिल्यांदा गेला तेव्हा त्यानं म्हणे मामीआधी खिडकी बघितली. मामी हे अजून ऐकवते, आणि मामा अजून म्हणतो, "खिडकी खरंच वाकडी होती."

मामा दारं करतो. तीस वर्षं दुसरं काही केलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला दुसरं काही येतही नाही. गोदामांच्या रस्त्याला त्याची पत्र्याची शेड आहे. एकेकाळी तिथे पाच माणसं काम करायची. मग खोक्यात घालून येणारी तयार दारं निघाली आणि पाचाचा एक उरला, म्हातारा पॉलिशवाला. पॉलिश करायला काही नव्हतं, पण तो रोज वेळेवर यायचा, फडकी धुऊन वाळत घालायचा आणि घरी जायचा. शेवटी शेडच्या मालकानं सांगून टाकलं की तीन महिन्यांत काम दिसलं नाही, तर शेड फरशीवाल्याला देणार.

मामानं मध्ये आठ दिवस मेहुण्याच्या दुकानात राखणदाराची नोकरीही करून पाहिली. आठही दिवस दुकानाचं दार दुरुस्त करत बसला. दार झालं तशी नोकरी संपली. त्या संध्याकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात उभ्यानंच म्हणाला, "पोरी, शेड गेली तर मी सकाळी उठून जायचं कुठे?" मी त्याला पाणी दिलं.

मी सरकारी कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानात बसते. लोकांचे अर्ज भरून देणं हाच माझा धंदा. त्यामुळे सरकारच्या घरबांधणी मंडळाची जाहिरात पहिल्यांदा माझ्याच नजरेस पडली. मंडळ नवी वसाहत बांधणार होतं, चारशेवीस घरांची, आणि त्यासाठी नवे पुरवठादार यादीत घेणार होतं. दारं, खिडक्या, नळ, फरश्या. मी तो कागद घेऊन तडक शेडवर गेले. मामानं तो वाचला, पुन्हा वाचला आणि पॉलिशवाल्याला म्हणाला, "चारशेवीस दारं." पॉलिशवाल्यानं वाळत घातलेली फडकी काढून घडी करायला घेतली.

अर्जाबरोबर अठरा कागद लागत होते. त्यातला एक, आधी सरकारी पुरवठा केल्याचा अनुभवाचा दाखला. म्हणजे पोहता येत असेल तरच पाण्यात उतरा. माझं डोकं फिरलं. पण मामाला आठवलं, एकवीस वर्षांपूर्वी त्यानं एका सरकारी शाळेची दारं केली होती. तो आणि मी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी जुनी वही काढली, मग स्वतः उठून एक दार लावून बघितलं, उघडून बघितलं आणि दाखल्यावर लिहिलं, "दारे आजही नीट लागतात. तक्रार नाही." मामानं तो कागद घरी येईपर्यंत हातातच धरला होता. पिशवीत ठेव म्हटलं तर चुरगळेल म्हणाला.

कागद पास झाले. राहिला नमुना. मंडळाच्या नकाशाप्रमाणे एक दार करून कोठारात न्यायचं. तिथे ते मोजणार, भिजवणार, त्याच्यावर वाळूची पोती आपटणार आणि टिकलं तर लाखेचं सील लावून ठेवून घेणार. दोनदा नापास झालं तर पाच वर्षं अर्ज करायचा नाही.

मामानं बारा दिवस ते दार केलं. मी आयुष्यात त्याला असं गप्प बघितलं नव्हतं. जेवायला बसला तरी बोटांनी ताटाच्या कडेवर मापं घ्यायचा. दार टेम्पोत चढवताना त्याखाली त्यानं घरातली एकुलती एक चांगली गोधडी घातली आणि मामी चक्क काही बोलली नाही.

कोठारात मापं घेणारे एक साहेब होते. वय कमी, बोलणं गोड. त्यांनी टेप लावला, नकाशा बघितला, पुन्हा टेप लावला.

"काका, दार मोठं झालंय. रुंदीला बारा मिलिमीटर, उंचीला तेवढंच."

"हो, ठेवलंय ना तेवढं," मामा खुशीत म्हणाला. "दोन्ही कडांना दोन-दोन सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार अजून त्याच मापात श्वास घेतात.

"ठेवलंय म्हणजे?"

"रंधा मारायला. साहेब, भिंतीत बसली की कुठलीच चौकट काटकोनात राहत नाही. दार जरा मोठं न्यायचं आणि तिथे चौकट बघून तासायचं. जास्त असलेलं काढता येतं. कमी पडलेलं कुठून आणणार?"

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, ते मला आजही कबूल करावं लागतं. "काका, आमच्या चौकटी काटकोनातच असतात."

"कोण म्हणतं?"

साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं.

नापासाची चिठ्ठी मिळाली. माप नकाशाप्रमाणे नाही. दुसरा नमुना चार दिवसांत.

परतीच्या वाटेवर मामा हसत होता. "नकाशात म्हणे काटकोन आहे!" मला मात्र रडू येत होतं, आणि रडू आलं की मला राग येतो. घरी पोचेपर्यंत मी दम धरला आणि मग मामीसमोरच त्याच्यावर तुटून पडले.

"तुला कुणी शहाणपणा विचारला होता? नकाशात आहे तेवढं करायचं!"

"अगं, पण ते दार बसणार नाही."

"ते तू बसवणार आहेस का? बसवणारा ठेकेदार वेगळा आहे. तू फक्त पुरवायचं."

"दार करायचं आणि ते लागतं की नाही ते बघायचं नाही?"

"नाही बघायचं! मामा, शेड हवी ना तुला?"

मामी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "अहो, पोर बरोबर सांगतेय. त्या पॉलिशवाल्याचं तोंड तरी आठवा." मामीनं कधी कामात तोंड घातलं नव्हतं.

तीन दिवस त्यानं दाराला हात लावला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी शेडवर गेले तर त्यानं तेच दार लाकडी घोडीवर चढवलं होतं आणि कडेवर रंधा मारत होता. भिजवणं, पोती, सगळ्याला ते दार पुरून उरणार होतं. अडचण फक्त त्या दोन-दोन सुतांची. एकेक लांबच लांब साल निघून खाली पडत होती. मी हातभार म्हणून झाडू घेतला. "राहू दे," तो म्हणाला. एवढंच.

दार पास झालं. लाखेचं लाल सील लागलं. पत्र आलं की मामाचं नाव मंजूर पुरवठादारांच्या यादीत घेतलं आहे, आणि पाठोपाठ चारशेवीस दारांचा हुकूम आला. शेड गजबजली. कापायचं यंत्र आलं, गेलेल्यातले तिघे परत आले. पॉलिशवाल्याला हात पुरेनात. मी सगळ्या गल्लीला पेढे वाटल्यासारखी सांगत सुटले की हे माझ्यामुळे झालं.

वसाहत उभी राहिली. सोडतीत मलाही एक घर लागलं, चौथ्या मजल्यावर. किल्ली घेऊन मी धावत जिने चढले, आत शिरले, दार लोटलं. ते वरच्या कोपऱ्यात अडलं. जोर लावला तर लागलं, पण खाली कडीच्या बाजूला बोटभर फट राहिली. जिन्यातला उजेड तिथून माझ्या जमिनीवर येऊन पडला. मी बराच वेळ त्या उजेडाकडे बघत बसले. मग मी फटीत जुना रुमाल कोंबला.

मामाला मी दोन महिने घरी बोलावलं नाही. काही ना काही सबब सांगत राहिले. शेवटी एका रविवारी तो आपणहून आला. मी दार उघडायच्या आधीच तो रुमाल खाली पडला असावा, कारण दार उघडलं तेव्हा तो मामाच्या हातात होता.

तो आत आलाच नाही. उंबऱ्यातच उभा राहून त्यानं खिशातून गुण्या काढला, दाराच्या कोपऱ्याला लावला. पट्टी आणि लाकूड यांत केससुद्धा शिरला नसता. मग चौकटीला लावला. पट्टीखालून उजेड दिसत होता.

आवाज ऐकून शेजारच्या आजी बाहेर आल्या. "सुतार आलेत का? बरं झालं बाई. आमचंही बघा हो, रात्रंदिवस वारा येतो. इथल्या सगळ्यांचीच रड आहे. कुणा मेल्यानं केलीत ही दारं, देव जाणे. त्याला काही कळत नव्हतं का?"

मला वाटलं, आता मामा चौकट दाखवील. दार सरळ आहे, चूक चौकटीची आहे, म्हणून सांगेल. मी स्वतःच बोलायला तोंड उघडलं.

"कळत होतं आजी," मामा म्हणाला. "ज्यानं केलीत त्याला कळत होतं."

आजी काहीतरी पुटपुटत आत गेल्या. मामानं रुमालाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. चहा घे म्हटलं तर म्हणाला, जायला हवं, मंडळाचा दुसरा हुकूम आलाय, सहाशे दारं, नकाशा तोच. मी विचारलं, "करणार?" तो म्हणाला, "शेड आहे ना."

तो दोन जिने उतरला असेल, तेव्हा मला जिन्याच्या कठड्यावर गुण्या दिसला. मी वरून ओरडले, "मामा, तुझा गुण्या राहिला!"

खालून आवाज आला, "असू दे तुझ्याकडे. तिकडे आता लागत नाही."

मी तो घेऊन आत आले आणि दार लोटलं. ते वरच्या कोपऱ्यात अडलं.