पुढच्या फळीवर कोणीतरी

फैयाजला मी कधी तोंडावर चांगलं म्हटलेलं नाही, आणि आता म्हणायला लागले तर तोच हसेल. मुळा धरणाच्या काठावर माझी चहाची टपरी आहे आणि टपरीच्या खाली त्याची बोट लागते. धरणाचा फुगवटा ओलांडून पलीकडच्या वस्त्यांवर माणसं नेणं-आणणं हा त्याचा धंदा. रस्त्यानं जायचं तर डोंगराला वळसा घालण्यात अर्धा दिवस मोडतो, म्हणून दुधाचे कॅन असोत की बाळंतीण, सगळं फैयाजच्या बोटीतून. सुप्याच्या कारखान्यातली बरी नोकरी सोडून तो इथं आला. का, विचारलं तर म्हणायचा, "आक्का, पत्र्याखाली जीव गुदमरायचा." कामाला वाघ, पण "करू की उद्या" हे त्याचं पालुपद.

मागच्या वर्षी त्याचं जुनं इंजिन कायमचं बंद पडलं. एका संस्थेनं वापरलेलं, पण मोठं इंजिन दिलं. ताकद जास्त आणि वजनही तसंच. फैयाजनं सगळ्या धक्क्याला पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी बोट सोडली तर तिचं बूड पाण्यात रुतलेलं आणि नाक आभाळाकडं. जितका जोर द्यावा तितकं पाणी मागं उसळायचं, बोट मात्र रडतखडत. "म्हैस बसल्यागत बसलीय की रं तुझी बोट!" मी काठावरून ओरडले. त्याला ते लागलं.

मग तो तिच्या पाठीच लागला. हलकी बोट पळवायची तर ती पाण्याच्या वर चढावी लागते, मागं वजन झालं की ती चढतच नाही, हे मला त्यानंच समजावलं. बॅटरी त्यानं मागून काढून पार नाकाशी नेली. पेट्रोलची टाकी पुढं सरकवली, लांब नळी जोडली. इंजिनचा कल बदलून पाहिला. दरवेळी थोडा फरक पडायचा. पण तो स्वतः मागं, इंजिनचा दांडा हातात धरून बसणार, त्याला तर पुढं सरकवता येत नव्हतं. शेवटी कळलं, पुढच्या फळीवर एक माणूस बसलं की बोट झटक्यात उठते आणि सपाट पळते.

"दगड भरून एक पेटी ठोक तिथं," मी म्हटलं.

"माणूस मिळतंच की आक्का. बोट रिकामी कवा जाती? पेटी करू की पुढं-मागं."

चैत्रात वस्तीवरची सगळी माणसं एका लग्नाला गेली होती. दुपारी पलीकडून फैयाजचा फोन आला. वस्तीवर मागं राहिलेल्या म्हाताऱ्या पुंजारामदादांच्या छातीत कळ आली होती. घरात फक्त माहेरी आलेली लेक, ज्ञानेश्वरी. "ॲम्ब्युलन्स बोलव, निघालोच," तो म्हणाला. मी बोलावली. गाडी येऊन उभी राहिली, आणि मी पाण्याकडं बघत होते.

बोट दिसली. नाक वर, बूड खाली. पुढं आदळतं म्हणून आजाऱ्याला आम्ही नेहमी मागंच निजवतो. दादा मागं, फैयाज मागं, आणि बापाचं डोकं मांडीवर घेऊन लेकही मागंच. दुसरं काय करणार होती ती? पुढची फळी मोकळी होती. माझा जीव नुसता तुटत होता.

मग लेक उठली आणि वाकत वाकत पुढं जाऊन बसली. बोटीचं नाक खाली आलं, बोट पाण्यावर चढली आणि अशी सुटली की मी देवाला हात जोडले.

बोट काठाला लागली तेव्हा ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरीणबाईंनी दादांचं मनगट धरलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान हलवली.

ज्ञानेश्वरी रडली नाही. तिनं फैयाजला विचारलं, "मी पुढं गेल्यावर बाबा काई बोलले का?"

"न्हाई ताई. झोपल्यागत गेले."

"तुमीच म्हनले पुढं जा. म्हनून गेले मी."

"व्हय ताई. मीच म्हनलो."

दुसऱ्या दिवशी फैयाजनं पेटी ठोकली. आता बोट रिकामी असली तरी सरळ पळते. ज्ञानेश्वरी दिवसकार्याला नातेवाइकांना घेऊन याच बोटीतून आली-गेली. त्याच्याशी नीट बोलली, "दमानं घ्या" म्हणाली. त्या दिवसांत फैयाज माझ्या टपरीची पायरी चढला नाही. माझंच चुकलं असेल काही, असं वाटून मी एके दिवशी चहा घेऊन खाली गेले. तो बोटीतलं पाणी उपसत होता. चहा घेऊन तो फळीवर टेकला. मी काहीच विचारलं नव्हतं.

"दोनदा हाक मारली गं दादांनी," तो म्हणाला. "'ज्ञानू' म्हनले. पहिली तिला ऐकू गेली न्हाई. दुसरीला तिची मान वळाया लागली. ती माघारी आली असती तर बोट परत बसली असती. म्हनून मी इंजिन आनखी वाढवलं. तिला ऐकू जाऊ नये म्हनून वाढवलं आक्का. वाटलं, दादा वाचले की मीच सांगीन तिला, हसत हसत."